अवचित सापडलेली गाठ

चार वर्षांपूर्वी, २०२१ च्या श्रावणात, माझ्या पत्नीच्या पोटात रात्री एकाएकी कळ उठली. ओवा झाला, हिंग झाला, गरम पाण्याची पिशवी झाली. शेवटी डॉक्टरांनी सी.टी. स्कॅन काढायला सांगितले. मूत्रपिंडात जोंधळ्याच्या दाण्याएवढा खडा निघाला. आठवडाभर भरपूर पाणी पिऊन तो आपल्या वाटेने निघून गेला, आणि स्कॅनचे ते भले मोठे पाकीट वीजबिलांच्या व घरपट्टीच्या पावत्यांबरोबर कपाटात जाऊन पडले.

यंदा वैशाखात न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पाय घसरून तिचे मनगट मोडले. पडणे अगदी साधे होते. एखादे पोर तसे पडले असते तर उठून पुन्हा खेळायला गेले असते. हाड जोडणारे डॉक्टर वयाने तरुण, पण मोठे चौकस. वय एकसष्ट, रक्तदाबाची एक गोळी होती तिच्या चार वर्षांत तीन झालेल्या, साखर काठावर, आणि एवढ्याशा पडण्याने हाड मोडलेले, हे सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, "काका, जुने कागद असतील नसतील ते सगळे उद्या घेऊन या." मी पाकीट नेले. त्यांनी अहवाल वाचला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. डाव्या अधिवृक्क ग्रंथीत २.४ सेंटिमीटरची गाठ योगायोगाने दिसली आहे, जरूर वाटल्यास पुढील तपास करावा, असे तेथे लिहिले होते.

चार वर्षे ती ओळ आमच्या कपाटात होती. त्या वेळी खड्याच्या गडबडीत ती आम्हांला कोणी वाचून दाखवली नाही, हे खरे. पण दोष केवळ दुसऱ्यावर ढकलून चालायचे नाही. मी साताऱ्याच्या एका शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवला, आणि दस्तऐवज शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा, खरी मेख बहुधा तेथेच असते, हे वर्गावर्गांत सांगत आलो. घरातला दस्तऐवज मात्र मी अर्ध्यावर मिटला.

भीती वाटली की त्या गोष्टीचा इतिहास काढून वाचायचा, ही माझी जुनी खोड आहे. माझा भाचा पुण्यात डॉक्टर आहे. त्याच्या मागे लागून मी निबंध मिळवले, त्याच्याकडून शब्द समजावून घेतले, आणि सगळा उन्हाळा व पावसाळा या एका गाठीच्या पूर्वजांचा शोध घेण्यात घालवला. वैद्य मंडळींना त्यात नवे काही सापडणार नाही. पण आता घरोघर स्कॅनची पाकिटे साठलेली आहेत, तेव्हा इतर वाचकांना ही हकीगत परकी वाटू नये.

अधिवृक्क म्हणजे वृक्कावर, मूत्रपिंडावर, बसलेली. दोन मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन ग्रंथी. उजवी त्रिकोणी टोपीसारखी, डावी चंद्रकोरीसारखी, वजन एकेकीचे चार-पाच ग्रॅम. एवढी लहान वस्तू शतकानुशतके कोणाच्या नजरेत भरली नाही यात नवल नाही. बार्तोलोमेओ एउस्ताची या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने १५६३ च्या सुमारास तिचे पहिले वर्णन केले. त्याने काढवून घेतलेल्या शरीररचनेच्या तबकड्या त्याच्या मरणानंतर कोठेतरी पडून राहिल्या आणि थेट १७१४ साली छापल्या गेल्या. म्हणजे कागद कपाटात पडून राहण्याचा दोष आमच्याच घरात होता असे नाही.

ग्रंथी आहे हे कळले, पण ती करते काय? १७१६ साली फ्रान्समधील बोर्दो शहराच्या विद्वत्सभेने याच प्रश्नावर बक्षीस लावले. (आमच्या साताऱ्यात तेव्हा शाहू महाराजांची गादी स्थिरावत होती आणि बाळाजी विश्वनाथ पेशवे होऊन तीन वर्षे झाली होती.) आलेले निबंध तपासण्याचे काम माँतेस्क्यू या तरुण सभासदाकडे आले. राज्यसत्तेची विभागणी कशी असावी याविषयी पुढे ज्याचा ग्रंथ जगभर वाचला गेला, तोच हा माँतेस्क्यू. निबंधांत नाना तर्क लढवलेले होते. १७१८ साली त्याने आपला निकाल सांगितला: एकही निबंध बक्षिसाच्या लायकीचा नाही. जे एवढ्या खटपटीने साधले नाही ते कदाचित एखाद्या दिवशी योगायोगाने साधेल, अशा अर्थाचे तो बोलला. मी हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ नुसता बसून राहिलो. आमच्या पाकिटातला शब्द नेमका तोच होता.

पुढची सव्वाशे वर्षे मी एका उडीत ओलांडतो, कारण त्यात सांगण्यासारखे थोडे आहे. १८५५ साली लंडनच्या गाईज रुग्णालयातील टॉमस ॲडिसन याने एक लहानसे पुस्तक काढले. त्यात अकरा रुग्णांची हकीगत होती. ही माणसे दिवसेंदिवस गळत चालत, भूक जाई, नाडी क्षीण होई, आणि कातडीवर काशाच्या भांड्यासारखी काळसर झाक चढे. मेल्यावर शवविच्छेदन करावे तो या ग्रंथी नासलेल्या. पुष्कळांच्या क्षयाने पोखरलेल्या. पुढच्याच वर्षी ब्राऊन-सेकार याने जनावरांच्या दोन्ही ग्रंथी काढून पाहिल्या. ती जगली नाहीत. ज्या ग्रंथीचे काय काम म्हणून बोर्दोत डोकी खाजवली गेली, तिच्यावाचून जीव टिकत नाही, हे अशा रीतीने ठरले. आपल्या देशात क्षय अजून हटलेला नसल्याने ॲडिसनने वर्णिलेला रोगी आपल्या डॉक्टरांना आजही भेटतो.

ही झाली उणेपणाची कथा. अधिकपणाची कथा हार्वी कुशिंगची. हा अमेरिकन मेंदूचा शस्त्रवैद्य मोठा विलक्षण माणूस. त्याने आपल्या गुरूचे, विल्यम ऑस्लरचे, चरित्र लिहिले आणि त्याला १९२६ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९१० साली बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्याच्यापुढे तेवीस वर्षांची एक मुलगी आली. वैद्यकाच्या इतिहासात ती 'मिनी जी.' एवढ्याच नावाने राहिली आहे. चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा गोल, धड फुगलेले, हातपाय मात्र काडीसारखे, पोटावर जांभळ्या रेघा, जरा धक्का लागला की काळेनिळे वळ, अंगावर लव, मासिक पाळी वर्षानुवर्षे बंद. कुशिंगने ती १९१२ च्या पुस्तकात नोंदवली, आणि वीस वर्षे असे रोगी गोळा करीत राहून १९३२ साली बारा जणांचा निबंध प्रसिद्ध केला. मेंदूच्या तळाशी असणाऱ्या पोष ग्रंथीत बारीक गाठ होते, ती अधिवृक्काला सारखी चाबूक मारीत राहते आणि त्यातून हे सगळे उद्भवते, असे त्याचे म्हणणे. ते पुष्कळांच्या बाबतीत खरे होते. काहींच्या बाबतीत मात्र दोष खुद्द अधिवृक्कातल्या गाठीचाच असतो. हा आजार उपचारावाचून राहिला तर पाच वर्षांत निम्मे रुग्ण दगावतात, असा हिशेब १९५२ साली अमेरिकेत मांडला गेला.

चाबकाने पाझरते ते काय, हे तोवर हाती आले होते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल आणि स्वित्झर्लंडमध्ये ताडेऊश राइखस्टाइन हे दोघे रसायनज्ञ बैलांच्या अधिवृक्क ग्रंथींचे ढीग दळून त्यातले पदार्थ एकेक वेगळे करीत होते. केंडॉलने त्यांना ए, बी, ई, एफ अशी वर्गातल्या तुकड्यांसारखी नावे दिली. २१ सप्टेंबर १९४८ रोजी त्याच क्लिनिकच्या फिलिप हेंच याने संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण बाईला 'ई'चे पहिले इंजेक्शन दिले. काही दिवसांत ती चालू लागली, बाजारात जाऊन आली. हे कॉर्टिझोन. १९५० साली तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या शरीरात मुख्यतः पाझरते ते 'एफ', म्हणजेच कॉर्टिसॉल. पहाटे त्याची भरती, मध्यरात्री ओहोटी. माणूस अंथरुणातून उठतो, संकटाला तोंड देतो, ते याच्या बळावर.

पण कॉर्टिझोनचा जयजयकार फार दिवस टिकला नाही. महिनोन् महिने औषध घेणाऱ्यांचे चेहरे गोल होऊ लागले, साखर वाढली, रक्तदाब वाढला, पाठीचे मणके दबले. कुशिंगने वर्णिलेला रोग डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने बाटलीतून तयार केला होता. आपल्याकडे दम्यावर आणि सांधेदुखीवर जादूच्या पुड्या विकणारे लोक असतात; त्यांच्या पुडीत हेच मिसळलेले सापडते, आणि खेड्यापाड्यांतल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी ही किंमत मोजली आहे. यातून वैद्यकाला एक धडा मिळायला हवा होता: कॉर्टिसॉल थोडेसेच अधिक, पण वर्षानुवर्षे, असे झाले तर काय होते? कमी झाले तर ॲडिसन, फार झाले तर कुशिंग, ही दोन टोके पाठ झाली होती. मधल्या 'किंचित अधिका'ला मात्र पुस्तकात रकानाच नव्हता. मला वाटते, जे डोळ्यांना दिसत नाही त्याची चौकशी करण्याची गरज कोणाला भासत नाही. असा रोगी चारचौघांसारखाच दिसतो. रक्तदाब, साखर, थोडी स्थूलता, ठिसूळ हाडे. साठीच्या घरातल्या अर्ध्या गावाला हे असतेच.

ही माणसे पुस्तकात आली ती एका यंत्रामुळे, आणि तेही आडवाटेने. गॉडफ्री हाउन्सफील्ड हा इंग्लंडमधील एका शेतकऱ्याचा मुलगा, ई.एम.आय. कंपनीत काम करणारा अभियंता. ही तीच कंपनी, जी बीटल्सच्या गाण्यांच्या तबकड्या काढीत असे. त्याने क्ष-किरण अनेक बाजूंनी फिरवून गणकयंत्राच्या मदतीने शरीराचा आडवा छेद पाहण्याची युक्ती काढली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका बाईच्या मेंदूचा पहिला छेद त्याने पाहिला. १९७९ साली त्याला ॲलन कॉरमॅक याच्याबरोबर नोबेल मिळाले. दशकाच्या मध्यापर्यंत यंत्र डोक्यावरून पोटाकडे उतरले होते. डॉक्टर पोटात शोधीत एक, आणि दिसे दुसरेच. मूत्रपिंडाच्या माथ्यावर बोराएवढ्या, सुपारीएवढ्या गाठी. शवविच्छेदन करणाऱ्यांना त्या पूर्वीपासून ठाऊक होत्या. पण मेलेल्या माणसाच्या गाठीची काळजी कोण करतो? आता त्या चालत्याबोलत्या माणसांत दिसू लागल्या, आणि काय करायचे ते कोणाला सुचेना.

१९८२ साली वॉशिंग्टनच्या गीलहूड आणि ड्रुई या दोघा डॉक्टरांनी त्यांना 'इन्सिडेंटलोमा' असे नाव दिले. शब्द मोठा बेढब आहे. अर्धा एका भाषेतला, अर्धा दुसऱ्या. पण तोच रुजला. पन्नाशीच्या माणसांत शंभरांत सुमारे तिघांना अशी गाठ असते, आणि फार वयस्कांत दहांपर्यंत, असा आजचा अंदाज आहे. हाउन्सफील्डच्या नावाचे मापही येथे कामी येते. त्या मापात पाणी शून्य; गाठीचा आकडा दहा किंवा त्याखाली असेल तर ती चरबीने भरलेली, निरुपद्रवी समजतात. आमच्या अहवालात चार लिहिले होते. हे कळले त्या दिवशी घरात शिरा झाला.

कर्करोग नाही, मग प्रश्न संपला, असे मला वाटले होते. पुष्कळ वर्षे वैद्यकालाही तसेच वाटत होते. गाठ मोठी असेल तर काढा, लहान असेल तर सोडून द्या, असा ढोबळ व्यवहार होता. भाचा म्हणाला, "मामा, गाठ कोण आहे ते कळलं. ती काय करते ते अजून पाहिलेलं नाही."

पाहण्याची रीत साधी आहे, आणि ती स्कॅनच्याही आधीची. ग्रँट लिडल या अमेरिकन डॉक्टराने १९६० साली ती पक्की केली. पोष ग्रंथी हुकूम देते आणि अधिवृक्क कॉर्टिसॉल सोडते. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसे झाले की पोष ग्रंथी गप्प बसते. तेव्हा डेक्सामेथासोन नावाचे कृत्रिम कॉर्टिसॉल दिले की पोष ग्रंथीची समजूत होते, हुकूम थांबतो आणि सकाळपर्यंत निरोगी अधिवृक्कही थांबते. गाठ मात्र हुकुमाची वाट पाहत नाही. नळ बंद केला तरी वायसर गेलेल्या तोटीतून रात्रभर थेंब पडत राहावेत, तसे ते आहे. आजकाल रात्री अकराला एक मिलिग्रॅमची गोळी आणि सकाळी आठला रक्त, एवढ्यावर भागते.

अशा ठिबकणाऱ्या गाठींना नावे किती दिली गेली पाहा. १९८१ साली फ्रान्समधील शार्बोनेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'कुशिंग-पूर्व अवस्था' अशी काही वस्तू आहे काय, असा प्रश्न निबंधाच्या मथळ्यातच विचारला. पण पूर्व म्हणावे तर पुढे खरा कुशिंग यायला हवा, आणि तो येत नव्हता. मग 'सुप्त कुशिंग' म्हणू लागले. २०१६ साली युरोपातील तज्ज्ञांनी मर्यादा घातल्या: सकाळचा आकडा १.८ पर्यंत असला तर निर्धास्त, पाचाच्या वर असला तर गाठ स्वायत्त, आणि मधले सगळे 'शक्य'. २०२३ साली त्यांनीच ती मधली पायरी काढून टाकली, आता १.८ च्या वरच्या सर्वांना एकच नाव, 'सौम्य स्वायत्त कॉर्टिसॉल-स्राव'. आमचा आकडा आला ३.४. दोनदा केला, दोनदा तेवढाच. म्हणजे २०२१ साली ती ओळ आम्ही वाचली असती आणि तपासणी करून घेतली असती, तर बहुधा 'शक्य आहे' एवढे सांगून आमची बोळवण झाली असती. हे माझ्या मनाला पटवून देण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. थोडासा पटतो.

नावांच्या या भांडणामागे खरा प्रश्न होता तो वेगळाच: या माणसांचे पुढे होते काय? याचे उत्तर कोणत्याही यंत्रात सापडत नाही. त्यासाठी माणसे टिपून ठेवावी लागतात आणि वर्षानुवर्षे त्यांचा माग काढावा लागतो. कारकुनासारखे काम, त्यात ना कीर्ती ना थरार. माझ्या दृष्टीने या सगळ्या कथेतले खरे इतिहासकार हेच.

पहिली मोठी मोजदाद इटलीने केली. १९८० ते १९९५ या काळातल्या हजारावर गाठींची माहिती देशभरच्या दवाखान्यांतून गोळा करून ती २००० साली प्रसिद्ध झाली. शंभरांत पंच्याऐंशी गाठी मुक्या, सुमारे नऊ कॉर्टिसॉल ठिबकणाऱ्या. (मर्यादा खाली आणल्यावर हे प्रमाण वाढले, आजच्या मापाने पाचांतली एक ते दोनांतली एक असे सांगतात.) त्यानंतर पुन्हा इटलीच. बोलोन्या शहरातल्या डॉक्टरांनी १९८ रुग्ण निवडून पंधरा वर्षांच्या नोंदी चाळल्या आणि २०१४ साली निकाल मांडला. ज्यांच्या गाठी मुक्या होत्या व मुक्याच राहिल्या, त्यांच्यात जगून राहण्याचे प्रमाण शंभरी ९१. ज्यांच्या ठिबकत राहिल्या किंवा ठिबकणे वाढले, त्यांच्यात ५७. हृदयविकाराचे झटकेही त्यांच्यात अधिक. त्याच वर्षी इंग्लंडमधील शेफील्डच्या डॉक्टरांनी २०६ रुग्णांवरून तसेच सांगितले.

येथे माझ्यातल्या मास्तराने हात वर केला. स्कॅन ज्याचा निघतो तो काही कारणानेच निघतो. मग अशी माणसे आधीच आजारी असणार, आणि ती लवकर जातात यात नवल काय? भाचा हसला. म्हणाला, म्हणून तर गाठवाल्यांची तुलना गाठवाल्यांशीच केली आहे. मुकी गाठ असलेलाही स्कॅनमध्येच सापडला, ठिबकती असलेलाही स्कॅनमध्येच. फरक उरला तो थेंबांचा. तरीही एकदोनशे माणसांवरून जगाचा निवाडा करू नये हे त्यानेही मान्य केले.

मोठा पुरावा स्वीडनमधून आला. तेथे माणसाची जन्मापासून मरणापर्यंतची नोंद सरकारदप्तरी असते. इतिहासकाराला हेवा वाटावा असा देश. लुंड आणि हेल्सिंगबोर्ग या दोन गावांतल्या १,०४८ रुग्णांचा माग काढून २०२१ साली, म्हणजे आमचे पाकीट कपाटात गेले त्याच साली, निबंध निघाला. १७० जण वारले होते. वय आणि इतर आजार हिशेबात धरूनही, सकाळचा आकडा आपल्या मापाने तीन किंवा त्यावर असलेल्यांत मरणाचे प्रमाण मुक्या गाठवाल्यांच्या दुपटीहून अधिक होते. पुढच्या वर्षी सोळा देशांतील तीस दवाखान्यांनी मिळून ३,६५६ रुग्णांचा हिशेब मांडला. तोही त्याच दिशेचा. आणि त्यात एक वाक्य असे होते की ते वाचताना मी चष्मा काढून पुसला: हा धोका सर्वांत ठळक दिसला तो पासष्टीच्या आतल्या स्त्रियांत.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर पुष्कळ घरांतली झोप मी उगाच उडवीन. २०१९ साली चार हजारांवर रुग्णांचे सगळे जुने निबंध एकत्र करून पाहिले, तेव्हा या गाठी चार-साडेचार वर्षांत सरासरीने जेमतेम दोन मिलिमीटर वाढल्या होत्या. कर्करोगात एकही बदलली नव्हती. गोल चेहऱ्याचा, जांभळ्या रेघांचा पुरा कुशिंग हजारांत एकालाही झाला नव्हता. माणसे मरतात ती गाठीने नव्हेत. चारचौघे मरतात त्याच हृदयविकाराने, आणि जंतुसंसर्गानेही. गाठीचे थेंब त्या आजारांना हातभार लावतात, असे बहुतेकांचे मत आहे. म्हणून 'सौम्य' या शब्दाशी माझे अजून पटलेले नाही. सौम्य कोणाच्या लेखी? रक्ताच्या आकड्याच्या लेखी असेल.

मग गाठ काढली तर आयुष्य वाढते काय? याला सरळ उत्तर नाही. पदुआ येथे ४५ रुग्णांचे दोन गट करून, एकावर शस्त्रक्रिया आणि दुसऱ्यावर नुसती देखरेख, असा प्रयोग झाला. त्याचा निकाल २००९ साली आला. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी पुष्कळांचा रक्तदाब आणि मधुमेह सुधारला. आयुष्याविषयी बोलायला ४५ माणसे पुरत नाहीत. यंदा, २०२५ साली, आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अशी गाठ आणि वाढलेला रक्तदाब दोन्ही असलेले युरोपातले रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलेले. रुग्णसंख्या लहानच, देखरेख वर्षभराचीच. गाठ काढलेल्यांत रक्तदाबाच्या गोळ्या कमी करता आलेले लोक बरेच अधिक निघाले. या प्रयोगाचे प्रमुख आंत्वान ताबारँ कोठले म्हणाल, तर बोर्दोचे. जेथे तीनशे वर्षांपूर्वी बक्षीस लागून ते कोणालाच मिळाले नाही, त्याच गावचे. भाच्याला यात काही विशेष वाटले नाही. मी मात्र त्या रात्री पत्नीला झोपेतून उठवून ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "अहो, बरं झालं. आता झोपा."

तिच्या बाबतीत आणखी तपासण्या झाल्या. गाठ दुसरे काही घातक स्रवत नाही ना, पोष ग्रंथीचा हुकूम खरोखर दबलेला आहे ना, मणके कसे आहेत. एक मणका दबलेला निघाला. तो केव्हा दबला हे तिलाही कळले नव्हते. पुण्याच्या तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास बसवून सर्व सांगितले. त्यांनी आम्हांला भिववले नाही, की घाईही केली नाही. काढलीच पाहिजे असा नियम नाही, म्हणाल्या. सत्तर-पंचाहत्तरीच्या बाईला मी कदाचित नुसते गोळ्यांवर ठेवीन. पण वय एकसष्ट, तीन गोळ्या, दोन मोडलेली हाडे, गाठ एकाच बाजूला. त्यांचा कल काढण्याकडे होता. दुर्बिणीतून, तीन-चार बोटभर छेदांवाटे हे काम होते. ती पद्धत १९९२ साली कॅनडातल्या मिशेल गान्येने दाखवून दिली. शस्त्रक्रियेनंतरची गोष्ट मला सर्वांत नवलाची वाटली. डावी गाठ इतकी वर्षे ठिबकत राहिल्यामुळे उजवी, निरोगी ग्रंथी कामावाचून पेंगलेली असते. ती जागी होईपर्यंत काही आठवडे, कधी कित्येक महिने, बाहेरून कॉर्टिसॉलची गोळी द्यावी लागते. केंडॉलचा तो 'एफ'. ज्याच्या अतिरेकाने आजारी, त्याच्याच गोळीवर काही दिवस जगायचे. गोळी चुकली तर ॲडिसनच्या रुग्णांसारखी गत व्हायची, तेव्हा एक दिवसही विसरायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावले.

निर्णय तिने घेतला. मी बाजू मांडल्या, तोट्यांची यादी केली, दोन रात्री वही घेऊन बसलो. ती म्हणाली, "तुमचं वाचून झालं असेल तर तारीख घ्या. दिवाळी होऊ दे, तुळशीचं लग्न लागू दे, मग जाऊ." तशी तारीख घेतली आहे.

संपादकांना लेख वेळेवर पाठवायचा म्हणून हे नवरात्रातच लिहून पुरे करतो आहे. दवाखान्याकडून संमतिपत्राचे कागद काल आले. बारीक टाइपाची सात पाने. ती स्वयंपाकघरात चकलीची भाजणी भाजते आहे, डाव्या हाताने अजून जरा जपून, आणि मी दाराशी खुर्ची टाकून तिला ते एकेक ओळ मोठ्याने वाचून दाखवतो आहे. पाचव्या पानावर आलो तेव्हा तिने हात वर करून थांबवले आणि म्हणाली, "थांबा जरा, डाळ करपेल. हं, आता वाचा. ती मघाची ओळ परत वाचा."